दारी आलेली तांबडी खार

स्कॉटलंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या वाचकांची तांबड्या खारीविषयीची बरीच पत्रे आमच्याकडे साठली होती. बहुतेक पत्रांत आनंद आहे आणि त्याबरोबर एक प्रामाणिक शंकाही आहे, ती म्हणजे आपण जे खाऊ घालत आहोत त्याने या प्राण्याचे भले होते की नुकसान? या अंकात त्या पत्रांतील निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही इन्व्हरनेसच्या बाहेर, पाइनच्या जंगलाला लागून असलेल्या घरात राहायला आलो आहोत. रोज सकाळी एक तांबडी खार कुंपणावरून येते. आम्ही तिच्यासाठी वाटीभर शेंगदाणे ठेवतो आणि ती ते आवडीने खाते. हे योग्य आहे का? आणखी काय द्यावे?

उत्तर : ती आवडीने खाते हे खरे, पण आवड ही पोषणाची खूण नव्हे. शेंगदाण्यात फॉस्फरस हे कॅल्शियमच्या सुमारे चौपट असते आणि सूर्यफुलाच्या बियांत तर ते आठपटीच्याही पुढे जाते. आहारात फॉस्फरसचे पारडे सतत जड राहिले की शरीर रक्तातील कॅल्शियमची पातळी टिकवण्यासाठी ते हाडांतून काढून घेऊ लागते. वाढत्या पिल्लांची आणि दूध पाजणाऱ्या मादीची हाडे यामुळे ठिसूळ होतात, आणि ज्या प्राण्याचे सारे आयुष्य एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर झेप घेण्यात जाते, त्याच्यासाठी ठिसूळ हाड म्हणजे मृत्यूच समजावा. शिवाय दमट हवेत शेंगदाण्यावर बुरशी लवकर धरते आणि तिच्यातील विष डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शेंगदाणे द्यायचेच असतील, तर माणसांच्या खाण्याच्या प्रतीचे, बिनखारे, न भाजलेले असावेत आणि ते मूठभर हेझलनटांत मिसळलेल्या चार-दोन दाण्यांपुरतेच असावेत. वाटीभर शेंगदाणे मात्र आजपासून बंद करावेत, ही विनंती.

त्यांच्या जागी कवचासह हेझलनट ठेवा. त्यातही फॉस्फरस जास्तच असतो, पण कॅल्शियमच्या अडीचपट, म्हणजे शेंगदाण्यापेक्षा बराच कमी. कवचाचे महत्त्व मात्र याहून मोठे आहे. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कठीण कवच कुरतडल्यानेच ते झिजून मापात राहतात. कवच फोडायला वेळ लागत असल्याने ती अधाशासारखे खात नाही; आणि पोट भरल्यावर उरलेले फळ ती जमिनीत पुरते, तेव्हा कवचामुळे ते आत टिकते. सोललेला दाणा पुरला तर तो लवकर कुजतो. सोबत पाइनच्या बिया आणि अधूनमधून गाजराचा किंवा सफरचंदाचा तुकडा द्यायला हरकत नाही. पाव, बिस्किटे, चॉकलेट, खारवलेले किंवा साखर लावलेले काहीही देऊ नये.

कॅल्शियमसाठी एक साधा उपाय आहे. आपल्या भागात रानात फिरताना हरणांची गळून पडलेली शिंगे सापडतात. त्यांतला एखादा तुकडा झाडाला तारेने बांधून ठेवा. खारी, विशेषतः माद्या, तो कुरतडायला येतात. शिंग न मिळाल्यास समुद्रफेसाचा तुकडा चालतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांसाठी तो दुकानात मिळतोच.

किती द्यावे, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. एका खारीला दिवसाकाठी लहानशी मूठ पुरे. दाण्याची वाटी किंवा पेटी दुपारपर्यंत रिकामी झाली पाहिजे आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ती रिकामीच राहिली पाहिजे, म्हणजे उरलेला दिवस ती जंगलातील शंकू, कोंब, बुरशीची छत्रे आणि फळे शोधण्यात घालवील. तिच्या टंचाईचा काळ कोणता, असे विचारले तर बहुतेक जण हिवाळा म्हणतात. प्रत्यक्षात शरद ऋतूत पुरून ठेवलेला साठा आणि झाडावरचे शंकू यांवर तिचा हिवाळा बऱ्यापैकी निघतो. खरी ओढाताण होते ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला, जेव्हा गेल्या वर्षीच्या बिया संपलेल्या असतात आणि नव्या अजून पिकलेल्या नसतात. नेमके तेव्हाच पिल्लांचे संगोपन चालू असते. त्यामुळे जून-जुलैत थोडे सढळ हाताने द्यावे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, निसर्गात मुबलक असताना, हात आखडता घ्यावा. सुट्टीवर जाणार असाल तर आधीचे काही दिवस प्रमाण हळूहळू कमी करत आणा. पाण्याची उथळ थाळी मात्र बारा महिने ठेवा आणि कडाक्याच्या थंडीत तिच्यातील बर्फ रोज सकाळी काढून टाका.

प्रश्न : बाजारातील खाद्यपेटी विकत घ्यावी की घरी करावी? ती बागेत कोठे लावावी? (अ‍ॅबरडीनशायरमधील एक वाचक)

उत्तर : घरी केलेली पेटी उत्तम चालते. जाड, रंग न दिलेली लाकडी फळी, वरच्या बाजूला बिजागरीचे झाकण, समोर आतला दाणा दिसेल अशी पारदर्शक पट्टी आणि बसण्यासाठी पुढे लहानसा ओटा, एवढेच लागते. झाकण हवेच. पावसापासून दाणा वाचतो, आणि पक्ष्यांना ते उचलता येत नसल्याने त्यांची विष्ठा दाण्यांत मिसळत नाही. पहिले काही दिवस झाकणाखाली काडी अडकवून ते अर्धे उघडे ठेवावे. खार आधी फटीतून नाक घालते, मग डोके, आणि एकदा डोक्याने झाकण वर ढकलता येते हे तिला कळले की काडीची गरज राहत नाही.

जमिनीपासून माणसाच्या उंचीइतक्या अंतरावर, झाडाच्या खोडाला पेटी लावा. जवळच दाट फांद्या असाव्यात, कारण ससाण्याची किंवा मांजराची चाहूल लागताच तिला एका झेपेत आसरा मिळाला पाहिजे. पेटीकडे येण्याची तिची वाट रस्ता ओलांडून जाणार असेल, तर ती जागा टाळावी. मोटारीखाली सापडून मरणाऱ्या तांबड्या खारींची संख्या लहान नाही आणि रस्त्यापलीकडच्या जंगलातून तिला रोज अलीकडे बोलावणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळणे होय. घरात मांजर असेल तर सकाळच्या वेळी ते आत ठेवावे. बागेतील पावसाच्या पाण्याच्या पिंपावर झाकण असावे, कारण पाणी प्यायला वाकलेली खार गुळगुळीत भिंतीच्या पिंपातून परत चढू शकत नाही. खत घालणे, गवत कापणे यांची जेवढी काळजी आपण घेतो, तेवढीच या पिंपाची घ्यावी असे मला कळकळीने वाटते, कारण हा मृत्यू पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे.

पेटी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करावी, गरम पाण्याने घासावी, प्राण्यांसाठी सुरक्षित अशा निर्जंतुक द्रवाने पुसावी, स्वच्छ धुवावी आणि कोरडी झाल्यावरच पुन्हा भरावी. खालची टरफलेही उचलावीत. दोन-तीन खारी येत असतील तर एकाच पेटीत जास्त दाणा न भरता दोन पेट्या एकमेकींपासून लांब लावाव्यात.

प्रश्न : पर्थजवळच्या आमच्या बागेत हिवाळ्यात दिसणारी खार पाठीवर करडी आणि पायांकडे तांबूस आहे. ती तांबडी की करडी, यावरून घरात वाद आहे.

उत्तर : रंगावर वाद घातलात तर तो मिटणार नाही. तांबड्या खारीचा रंग नारिंगी-तांबड्यापासून जवळजवळ काळसर तपकिरीपर्यंत कोणताही असू शकतो आणि हिवाळी अंगरख्यात पाठ बरीच करडी दिसते. उलट करड्या खारीच्या कुशीवर आणि पायांवर तांबूस छटा असते. म्हणून शेपूट आणि बांधा पाहावा. करड्या खारीच्या शेपटीला कडेने पांढरी झालर असते. तांबडीची शेपटी एकरंगी असते, मग ती गडद असो वा उन्हाने फिकट, जवळजवळ पिवळसर झालेली असो. तांबडी खार नाजूक असते, वजन साधारण तीनशे ग्रॅम. करडी तिच्या जवळपास दुप्पट भरते आणि रुंद तोंडाची, थोराड दिसते. हिवाळ्यात तांबडीच्या कानांवर केसांचे लांब झुपके असतात, करडीला ते कधीच नसतात. मात्र झुपके नाहीत म्हणून करडी, असा उलटा निष्कर्ष काढू नये, कारण उन्हाळ्यात तांबडीचेही झुपके विरळ होत होत नाहीसे होतात. अंगावरचे केस ती वर्षातून दोनदा बदलते, शेपटीचे आणि कानांचे एकदाच. पत्रासोबतच्या छायाचित्रात झुपके स्पष्ट आहेत आणि शेपटीला झालर नाही. आपली पाहुणी तांबडीच आहे.

प्रश्न : आम्ही डम्फ्रीसजवळ राहतो. वर्षभर दोन तांबड्या खारी येत होत्या. आता एक करडी खारही पेटीवर येऊ लागली आहे. शेजारी सांगतात की पेटी काढून टाका. पण दोघींनाही भूक लागतेच ना? एकीला द्यायचे आणि दुसरीला हाकलायचे, हे मनाला पटत नाही.

उत्तर : आपल्या मनाचा कल समजतो आणि तो चांगुलपणाचाच आहे. तरीही आपले शेजारी बरोबर सांगत आहेत, आणि त्यामागचे कारण भुकेचे नसून रोगाचे आहे.

करडी खार मूळची उत्तर अमेरिकेची. १८७६ मध्ये इंग्लंडमधील चेशायर परगण्यातील हेन्बरी पार्क येथे हौसेखातर काही करड्या खारी सोडण्यात आल्या आणि पुढच्या अर्धशतकात ब्रिटनमधील अनेक धनिकांनी आपापल्या इस्टेटींवर त्या आणून सोडल्या. आयर्लंडमध्ये त्या १९११ मध्ये पोहोचल्या. आज त्यांची संख्या लाखोंच्या घरात आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील सस्तन प्राण्यांच्या आढाव्यात करड्या खारी सुमारे २७ लाख आणि तांबड्या सुमारे २ लाख ८७ हजार असल्याचा अंदाज दिला आहे, आणि त्या तांबड्यांपैकी सुमारे २ लाख ३९ हजार एकट्या स्कॉटलंडमध्ये आहेत. म्हणजे ब्रिटनमधील दर सहा तांबड्या खारींपैकी पाच जणी आपण राहता त्या देशात आहेत, आणि आपला भाग त्या देशाची दक्षिण सीमा आहे.

करडी खार तांबडीवर हल्ला करून तिला मारते, अशी एक समजूत आहे, ती चुकीची आहे. ती तिला उपाशी ठेवते. करडी अंगाने मोठी असते, एका जंगलात दाटीने राहू शकते, आणि ओकची फळे तिला तांबडीपेक्षा अधिक चांगली पचतात, त्यामुळे पानझडी जंगलात तिचे बळ वाढत जाते. तांबडीची माती केली ती याहून मोठ्या गोष्टीने, स्क्विरलपॉक्स या विषाणूने. करड्या खारी हा विषाणू अंगात बाळगतात आणि बहुधा त्यांना काहीच होत नाही. तांबडीला त्याची लागण झाली की डोळ्यांभोवती, नाकाशी, ओठांवर आणि पंजांवर फोड येतात, त्यांच्या खपल्या धरतात, तिला दिसेनासे होते, खाता येईनासे होते आणि साधारण दोन आठवड्यांत ती मरते. जेथे करड्यांबरोबर हा विषाणूही येतो, तेथे तांबड्या खारी केवळ स्पर्धेने जितक्या वेगाने नाहीशा होतात, त्याहून कितीतरी अधिक वेगाने होतात. लिव्हरपूलच्या उत्तरेला किनाऱ्यावरच्या फॉर्म्बीच्या पाइनवनात २००८ च्या साथीत बहुतांश तांबड्या खारी मेल्या. ज्या थोड्या वाचल्या त्यांच्यापासून तेथील वस्ती पुन्हा हळूहळू उभी राहिली. दक्षिण स्कॉटलंडमध्येही २००७ पासून या रोगाचे रुग्ण आढळत आले आहेत.

आता आपल्या पेटीकडे पाहा. जंगलात करडी आणि तांबडी एकाच फांदीला तोंड लावण्याचा योग क्वचित येतो. पेटीवर तो रोज येतो. झाकणाची एकच कड दोघीही नाकाने ढकलतात, एकाच ओट्यावर दोघीही पंजे टेकतात, आणि करडीने उष्टावून टाकलेला दाणा तांबडी उचलते. आपण प्रेमाने उभे केलेले हे ठिकाणच रोगाचा अड्डा होऊ शकते. म्हणून पेटी आजच उतरवा, निर्जंतुक करा आणि किमान काही आठवडे लावू नका. पक्ष्यांसाठी टांगलेले दाण्याचे पिंजरेही याच हिशेबात धरावेत. तांबड्या खारी उपाशी मरतील, ही भीती बाळगू नका. आपला दाणा त्यांच्या आहाराचा एक लहान भाग होता आणि त्यांचे जंगल जागेवर आहे.

करडी दिसल्याची नोंद तारीख, ठिकाण आणि शक्य तर छायाचित्रासह 'सेव्हिंग स्कॉटलंड्स रेड स्क्विरल्स' या प्रकल्पाकडे कळवावी. स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्टच्या पुढाकाराने २००९ मध्ये सुरू झालेल्या या कामात सामान्य नागरिकांनी दिलेल्या नोंदींना फार मोल आहे, कारण करडी कोठवर पोहोचली हे त्यांवरूनच कळते. स्वतः पिंजरा लावण्याच्या फंदात पडू नये. पकडलेली करडी खार पुन्हा मोकळी सोडणे हा कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे पुढे काय करायचे याचे प्रशिक्षण नसलेल्या माणसाने तिला पकडूच नये.

एक आशेची गोष्टही सांगितली पाहिजे. पाइन मार्टेन हा मुंगसाहून मोठा, झाडांवर सराईतपणे चढणारा शिकारी प्राणी ब्रिटनमधून जवळजवळ संपला होता. संरक्षण मिळाल्यावर तो आयर्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये परत पसरू लागला, आणि जेथे तो स्थिरावला तेथे करड्या खारी कमी होऊन तांबड्या परतल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. तांबडी या शिकाऱ्याच्या सोबतीने हजारो वर्षे राहिली आहे, त्याचा वास ओळखते आणि सावध होते. करडी बेसावध राहते, जमिनीवर अधिक वेळ घालवते आणि सापडते. म्हणून आपल्या परिसरात मार्टेन दिसला तर त्याला खारीचा वैरी समजून हाकलू नका.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी खिडकीशी बसून खारींच्या नोंदी ठेवते. तिने नेमके काय पाहावे? खार हातावर येऊन दाणा घेईल असे तिला शिकवता येईल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. असे करता येते, पण करू नये. माणसाच्या हाताला सरावलेली खार कुत्र्याला, मांजराला आणि अनोळखी माणसालाही बुजत नाही, आणि तिचे बुजरेपण हेच तिचे चिलखत आहे. मुलीला खिडकीच बरी. तेथून तिला जे दिसेल ते हातावर आलेल्या खारीत दिसणार नाही.

वेळ सकाळची धरावी. उन्हाळ्यात खारी पहाटे आणि पुन्हा संध्याकाळच्या आधी, अशा दोनदा बाहेर पडतात. हिवाळ्यात दिवस लहान असल्याने सकाळच्या मध्यावर एकदाच. त्या शीतनिद्रा घेत नाहीत, त्यामुळे बर्फातही पहारा व्यर्थ जाणार नाही. फक्त जोराचा वारा आणि मुसळधार पाऊस असला की त्या घरट्यातच राहतात.

हेझलनट उचलल्यावर खार काय करते, हे तिला दुर्बिणीतून पाहू द्या. ती ते दोन्ही पंजांत धरून गरगर फिरवते, जणू त्याचे वजन अजमावते, आणि कित्येकदा कुरतडून न बघताच टाकून देते. टाकलेले फळ नंतर फोडून पाहावे. आत बहुधा दाणा नसतो किंवा तो किडलेला असतो. चांगले फळ मिळाले की ती टोकाशी लहानशी खाच पाडते, खालचे दात खाचेत रोवते आणि कवच शिवणीवर दुभंगते. अनुभवी खारीला यास काही सेकंद पुरतात, तरुण खार मात्र सगळीकडून ओरखडे काढत बसते. बागेत सापडलेली टरफले मुलीने जमवावीत. सरळ दोन भाग झालेले कवच खारीचे आणि वाटोळे भोक पाडलेले उंदराचे. शंकूही ओळखता येतात. खार तळापासून खवले सोलत टोकाकडे जाते, त्यामुळे मागे दाणे खाल्लेल्या कणसासारखा दांडा आणि टोकाशी चार खवले उरतात.

पुरण्याची क्रियाही पाहण्यासारखी असते. पुढच्या पायांनी खड्डा, नाकाने फळ आत ढकलणे, मग पंजांनी माती थोपटणे. दुसरी खार बघत असेल तर ती जागा बदलते. हिवाळ्याच्या अखेरीस एकामागे एक तीन-चार खारी खोडाभोवती गोल गोल चढता-उतरताना दिसतील; पुढे असते ती मादी. गर्भकाळ सुमारे ३८ दिवसांचा असतो. पिल्ले जन्मतः उघडी आणि आंधळी असतात, जवळजवळ महिनाभराने डोळे उघडतात आणि सातव्या आठवड्याच्या आसपास घरट्याबाहेर पडतात. मे महिन्यात लहान चणीची, बारीक शेपटीची खार पेटीवर चाचपडताना दिसली तर मुलीने ती नोंद ठळक अक्षरांत करावी. डोके खाली करून खार सरळ उतरते कशी, असा प्रश्न ती नक्की विचारील. खारीचे मागचे घोटे इतके वळतात की पावले उलट्या दिशेला होतात आणि मागच्या नख्या सालीत अडकून राहतात.

प्रश्न : आमच्याकडे येणाऱ्या एका खारीचे कान सुजून चकचकीत झाले आहेत, नाकाशी केस गळले आहेत. हा कुष्ठरोग असतो असे वाचले. आम्हाला धोका आहे का?

उत्तर : ब्रिटनमधील आणि आयर्लंडमधील तांबड्या खारींत कुष्ठरोगाचे जंतू असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. कान, नाक आणि पापण्यांजवळ सूज आणि केसगळती ही त्याची लक्षणे आहेत. पॉक्समध्ये ओले फोड आणि खपल्या असतात व खार काही दिवसांतच निस्तेज होते, हा दोहोंतला फरक. लांबून पाहणाऱ्या माणसाला धोका अत्यल्प आहे आणि माणसाच्या कुष्ठरोगावर खात्रीचे औषध आहे. तरीही पेटी काही आठवडे उतरवावी, हातमोजे घालून धुवावी, खारीला हात लावू नये आणि छायाचित्रासह वर सांगितलेल्या प्रकल्पाला कळवावे. खार झाडावर चढू शकत नसेल, जमिनीवर पडून असेल, तर स्कॉटिश एसपीसीए या प्राणिसंरक्षण संस्थेला दूरध्वनी करावा.

प्रश्न : बागेतील जुना स्प्रूस वादळात कलला आहे आणि तो तोडावा लागेल. त्यावर काड्यांचा गोळा दिसतो. तो खारीचा असेल तर काय करावे?

उत्तर : फुटबॉलपेक्षा थोडा मोठा, खोडाला चिकटून दुबेळक्यात बसवलेला, पानांसकट तोडलेल्या डहाळ्यांचा घट्ट गोळा असेल तर ते खारीचे घरटे असण्याची शक्यता मोठी आहे, कावळ्याचे घरटे वरून उघडे आणि फक्त सुक्या काड्यांचे असते. तांबडी खार आणि तिचे घरटे यांना १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने संरक्षण आहे. खारीला जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने मारणे, पकडणे, तसेच वापरातील घरटे मोडणे किंवा त्याची वाट अडवणे हा गुन्हा आहे. फेब्रुवारी ते सप्टेंबर या काळात आत पिल्ले असू शकतात. म्हणून शक्य असल्यास झाड तात्पुरते दोरांनी आवळून घ्यावे आणि तोडणी पुढे ढकलावी. झाड रस्त्यावर किंवा घरावर पडण्याची भीती असेल तर कुऱ्हाड लावण्याआधी नेचरस्कॉट या सरकारी संस्थेकडे परवान्याची चौकशी करावी, आणि तोडणाऱ्या माणसाला घरटे कोठे आहे हे झाडाखाली उभे राहून, बोट दाखवून सांगावे.